उरलेला वास

...टोपण चुंबकाचं होतं. जरा उचललं की सुटायचं, जवळ नेलं की बाटलीच ते आपल्याकडे ओढून घ्यायची — टक्. दर्शनाने पुन्हा उचललं. टक्. जड, काळं, कडेने सोनेरी रेघ असलेलं टोपण. किंमत सगळी टोपणाची असते, आतल्या पाण्याची नसते, असं ती आपल्या व्हिडिओत नेहमी म्हणायची आणि खाली लोक हसरे चेहरे टाकायचे. आज तिला स्वतःला हसू येत नव्हतं. खिडकीतून मागच्या कलमांच्या मोहराचा वास येत होता, गोडसर, डोकं जड करणारा, आणि त्याच्यात मिसळून खालच्या मजल्यावर तळत असलेल्या बांगड्यांचा — बाटली उघडायच्या आधी खिडकी लावायची, हा तिचा जुना नियम. तिने उठून खिडकी लावली, पंखाही बंद केला, आणि कुवारबावच्या त्या दोन खोल्यांत फेब्रुवारीचं ऊन तेवढं कोंडून राहिलं.

संध्याकाळपर्यंत व्हिडिओ द्यायचा होता. दिशाचा — ही मुंबईच्या कंपनीतली मुलगी, परदेशी अत्तरांच्या बाटल्या दर्शनासारख्या परीक्षण करणाऱ्यांकडे पाठवायचं काम तिच्याकडे — कालच फोन येऊन गेला होता. दोन गोष्टी यायलाच हव्यात, मॅम. एक, ही ओळ : 'स्वच्छ माणसाचा सुगंध.' आणि दुसरी, तुमच्या वडिलांची गोष्ट. ती गोष्ट दर्शनाने आपल्या अगदी पहिल्या व्हिडिओत सांगितली होती — माझ्या वडिलांना सुगंधाचा शौक. मंडणगडच्या डोंगरात, जिथे धड रस्ता नव्हता तिथे, खेड्यातल्या शाळेचा मास्तर रोज सकाळी कोलोन लावून घराबाहेर पडायचा, आणि तोच शौक माझ्यात उतरला. दिशाच्या साहेबांना ती फार आवडली होती. रिअल वाटते, म्हणाले म्हणे. रिअल! जसे काही बाकीच्यांचे बाप प्लास्टिकचे होते. पण गोष्ट सांगायला तिची ना नव्हती. गोष्ट चांगलीच होती. तिच्याकडे अशा चांगल्या गोष्टी फारशा नव्हत्या, ही एक होती, आणि ती ती जपून वापरायची.

कागदी पट्टीवर फवारा मारून बोलणारे परीक्षक वेगळे. कागद खोटं बोलतो, दर्शना म्हणायची. वास कातडीवर उतरला की खरा कळतो. पहिला वास, जो विकतो. मधला वास, ज्याच्याशी आपला संसार. आणि उरलेला वास, जो संध्याकाळी मनगटाला नाक लावलं की सापडतो, सापडला तर. हे तीन शब्द तिचेच, आता तिचं बघून दुसरेही वापरायला लागले होते. बायकांच्या अत्तरांसाठी ती स्वतःचं मनगट वापरायची. पुरुषांच्या कोलोनसाठी आबांचं, वडिलांचं. हे तिने कधी सांगितलं नव्हतं, नुसतं 'पुरुषाच्या कातडीवर हा असा उतरतो' म्हणायची, आणि खाली कोणीतरी लिहायचंच, ताई, दाजी नशीबवान आहेत. दाजी विरारला होते, आणि त्यांच्या कातडीवर काय उतरतं ते आता दुसरी कोणी बघत असेल.

न्हाणीघरातून मालनचा आवाज आला. मालन रोज सकाळी आबांना आंघोळ घालायला यायची, तोंडाने फटकळ, हाताने हलकी. आबांना खुर्चीत बसवून, अंगावर चादर घालून ती पदराला हात पुसत म्हणाली, "आज परत साबणासाटी हटून बसले. परत लाव, परत लाव. म्हटलं गुरुजी, कातडी निघंल आता. ऐकतील तर शपत."

"लहान मुलासारखं झालंय त्यांचं," दर्शना म्हणाली. लहान मुलं साबण बघून पळतात, हे दोघींनाही त्या वेळी सुचलं नाही.

अर्धांगवायूच्या झटक्यानंतर आबांचं बोलणं जवळजवळ सरलं होतं. उजव्या हातातली पकड गेली होती. कधी ते या खोलीत असायचे, कधी शाळेत, आणि ते कुठे आहेत हे डोळ्यांवरून ओळखायला ती शिकली होती. तिने बाटली आणलेली पाहताच त्यांनी डावा हात आपणहून पुढे केला, मनगट वर करून. हे ते कधी विसरत नसत. जेवले की नाही ते विसरत, आई गेली हे विसरत — हे नाही. तिने फवारा मारला. मग त्यांनी ते मनगट सावकाश उचललं, कॉलरला आतून घासलं, डाव्या कानामागे टेकवलं आणि पुन्हा मांडीवर ठेवलं. किती ऐट, तिला वाटलं. ऐंशी ओलांडली तरी ऐट आहे माणसाला.

पहिला वास — लिंबू, संत्र्याची पानं, ओला दगड, आणि मागे स्वच्छ, पांढरा साबण. मुद्दाम जुन्या धाटणीचं बनवलं होतं कोलोन, आणि चांगलं बनवलं होतं, मेल्यांनी... कारण आबांच्या मनगटावरून तो वर आला आणि ती एकदम घरात होती, डोंगरातल्या, जिथे फळीवर हिरवी बाटली असायची. युडीकोलन. बाकीच्यांच्या घरी ताप चढला की कपाळावर घड्या ठेवायला आणायचे ते. आमच्या घरी रोज लागायचं. मामा गोदीत कामाला होता, तो मुंबईहून येताना आणायचा. पहाटे आबा वहाळावर, खालच्या ओढ्यावर, आंघोळ करून यायचे, आईने तांब्यात निखारे भरून इस्त्री केलेला पांढरा सदरा घालायचे, रुमालावर चार थेंब, कॉलरला दोन, कानामागे बोट, आणि मग टेकडीपलीकडच्या गावच्या शाळेकडे निघायचे. आमच्या वाडीतली पोरं त्यांच्या मागे पार चढापर्यंत जायची, नुसता वास घेत. तुझ्या बापाला शौकच तसला, आई म्हणायची, आणि पदर तोंडाशी धरायची. मला वाटायचं ती हसू लपवतेय.

मी मोठी झाले ती त्या वासाच्या गर्वात. मुंबईला मॉलमधल्या अत्तरांच्या काउंटरवर नोकरी लागली तेव्हा मॅनेजरने विचारलं होतं, तुला वासातलं काही कळतं का, आणि मी म्हटलं होतं, घराण्यातच आहे. काळा कोट, छातीवर पाटी, पाटीवर नुसतं दर्शना. आडनाव लिहायची पद्धत नव्हती, आणि किती बरं होतं ते. मोठमोठ्या घरच्या बायका समोर येऊन मनगट पुढे करायच्या, मी ते हातात धरायचे, फवारायचे, वाकून हुंगायचे आणि सांगायचे, तुम्हाला हा शोभत नाही, हा घ्या. आणि त्या ऐकायच्या. एकदा एकीने जाता जाता सहज विचारलं, तू कुठली गं, आडनाव काय? सांगितलं. ती हसली, थँक्यू म्हणाली, आणि वळल्यावर पर्समधून ओला रुमाल काढून तिने मनगट पुसलं... वास आवडला नसेल. मी तेव्हा स्वतःला हेच सांगितलं, आणि आजही, विचारलं कोणी तर, हेच सांगेन.

बेल वाजली तेव्हा मधला वास सुरू झाला होता.

दारात साठीकडे झुकलेला, झब्बा घातलेला एक माणूस उभा होता, हातात लग्नपत्रिकांचा गठ्ठा आणि केळीच्या पानात बांधलेले ओले काजूगर. मी हरिश्चंद्र, म्हणाला, हातखंब्याला हॉटेल आहे, गुरुजींचा विद्यार्थी, चौथीपर्यंत. मुलीचं लग्न ठरलं होतं, पहिली पत्रिका गुरुजींना द्यायची असं त्याने मनात धरलं होतं. आत येऊन त्याने आबांच्या पायांना हात लावला, अगदी नीट, टाचेपर्यंत. भिंतीवरच्या बुद्ध आणि बाबासाहेबांकडे एकदा पाहिलं आणि नजर काढून घेतली. आबांनी त्याच्याकडे पाहिलं. ओळखलं की नाही, कळलं नाही.

दर्शनाने चहा केला. कप त्याच्या हातात दिला आणि तिथेच उभी राहिली. त्याने फुंकर मारली, एक घोट घेतला, दुसरा घेतला, बशीत सांडलेलाही पिऊन टाकला. सगळा प्यायला. तिला बरं वाटलं, आणि बरं वाटलं याची इतकी चीड आली की तिने रिकामा कप त्याच्या हातातून जवळजवळ हिसकावूनच घेतला. या वयातही मी उभी राहून बघते. माझी आई बघायची, तशीच.

"ताई, तुमचे व्हिडिओ आमच्याकडं सगळी बघतात," हरिश्चंद्र मोकळं होऊन म्हणाला. "त्यात तुमी सांगता ना, वडलांना शौक होता म्हणून? मी घरात सांगतो सगळ्यांना, खरी गोष्ट मला म्हायती हाय. शौक कसला! आमी पोरांनीच लावला त्यांना."

आणि तो हसत हसत सांगू लागला. गुरुजी नवीन आले तेव्हा गावात बरीच कुजबुज झाली. जिल्हा परिषदेने धाडलेला मास्तर, नको म्हणता येईना. मग घरोघरी म्हातारी माणसं पोरांना सांगायला लागली, लांब बसा, पाटी हातात देऊ नका, खाली ठेवा, त्या लोकांच्या अंगाला वास येतो. पोरंच ती. त्यांनी त्याचा खेळ केला. गुरुजी ज्याच्या बाकाशी येतील त्याने नाक चिमटीत धरायचं. गुरुजी जाईपर्यंत जो धरून ठेवील तो जिंकला. गुरुजींना आधी काही कळेना. ते आपला सदरा बघायचे, बगल हुंगायचे, मधल्या सुट्टीत खाली वहाळावर जाऊन तोंड, मान, हात धुऊन यायचे. हरिश्चंद्राने नक्कल करून दाखवली, मान तिरकी करून खांदा हुंगायची. ती नक्कल चांगली होती. दर्शनाने आबांना असं करताना शेकडो वेळा पाहिलं होतं, आणि तिला ती सवय वाटली होती, जशी कुणाला मिशी ओढायची असते.

"मग एक दिवस आले ते घमघमत," तो म्हणाला. "आमी नाक धरायचंच विसरलो. नुसते वास घेत बसलो, आयुष्यात पयल्यांदा असला वास. घरी जाऊन सांगितलं. तर आमचा आजा काय म्हणाला, सेंट मारलान म्हणून जातो काय वास? मग काय, दुसऱ्या दिवशी परत खेळ चालू." तो पुन्हा हसला, पण प्रेमाने. त्याच्या बोलण्यात डंख नव्हता, तेच वाईट होतं. "पण गुरुजींनी मात्र सोडलानी नाय. शेवटपर्यंत सेंट. सेंटगुरुजी म्हणायचो आमी. आज आमची पोरं चार अक्षरं शिकली ती त्यांच्या जिवावर, ताई, हे पण खरं."

हे सगळं आबांच्या समोर चाललं होतं, त्यांच्यापासून हातभर अंतरावर, जसं आजारी माणसासमोर त्याच्या आजाराबद्दल बोलतात. आबांचा चेहरा हलला नाही. फक्त मांडीवरचा डावा हात चादरीखाली गेला. दर्शनाने ते पाहिलं, आणि तिच्या आजोबांची, कधी न पाहिलेल्या माणसाची, आठवण तिला आली — आम्ही बौद्ध झालो त्याच वर्षी त्याने मेलेली गुरं ओढायचं सोडलं होतं, त्यासाठी गावाचा मार खाल्ला होता, आबा तेव्हा पोरवयाचे होते. कसला वास? कुठून आणणार होते ते वास? वाडीतल्या कोणाच्याही घरापेक्षा जास्त साबण आमच्या घरात लागायचा.

"आता तुमी सांगा," हरिश्चंद्र उठता उठता म्हणाला, "जावयाला कुठला घेऊ? भारी पायजे. तुमी म्हणता तसा — माणूस स्वच्छ वाटला पायजे."

तिला त्याला सगळ्यात भिकार बाटलीचं नाव सांगावंसं वाटलं, डोकं उठवणारं, दोन तासांत आंबणारं. पण जिभेला वळण लागलेलं असतं. तिने चांगल्यातलं चांगलं नाव सांगितलं, कागदावर लिहूनही दिलं, कुठे खरं मिळतं आणि कुठे नकली तेही सांगितलं. तो आभार मानून, पुन्हा पाया पडून गेला. काजूगरांचं पुडकं टेबलावर राहिलं, पानाला डिंकाचे डाग.

दुपारी तिने दिवा लावला, फोन स्टँडवर बसवला, केस सारखे केले. नमस्कार मंडळी. आजची बाटली. टोपण बघा. हे सगळं सुरळीत झालं. मग, "माझ्या वडिलांना सुगंधाचा शौ—" पाणी प्यायली. पुन्हा. माझ्या वडिलांना सुगंधाचा. पुन्हा... फोनच्या काचेत एक बाई ओठ हलवत होती, गोड, समजूतदार, आणि तिला धरून हलवावं असं वाटत होतं. पदर तोंडाशी धरायची आई. ती हसत नव्हती तर. तिला ठाऊक होतं, आणि तिने मला शौक म्हणून सांगितलं, आणि मी तो शौक लाखभर लोकांना विकला. आईवर राग धरावा तर ती आता कुठे सापडणार. हरिश्चंद्रावर धरावा तर त्याने टाचेपर्यंत हात लावला. सगळा राग घरातल्या घरात फिरून शेवटी माझ्याच पायाशी येऊन बसतो, मांजरासारखा.

ठीक आहे, गोष्ट नको. नुसती ओळ. स्वच्छ माणसाचा सुगंध. ही ओळ तर पहिल्या फटक्यात आली — इतकी सहज, इतकी मऊ की दर्शना दचकली. अर्थात येणार. हा शब्द माझाच आहे. दिशाने तो माझ्याच व्हिडिओंतून उचललाय. मला आवडलेल्या प्रत्येक बाटलीला मी स्वच्छ म्हटलंय. स्वच्छ, धुतलेला, आंघोळ करून आल्यासारखा. आणि न आवडलेल्यांना काय म्हटलं? अंगाचा वास येतो. कोंदट. जनावरासारखा. त्यात कस्तुरी होती, ऊद होता, जगात ज्यांना मान आहे असले वास होते, आणि मी नाक मुरडून म्हटलं, हा जरा अंगाचा येतो, मंडळी, जपून. बगलेला वास नसलेला माणूस, हीच माझी सौंदर्याची सगळी व्याख्या. ही माझी आवड आहे असं मी समजत होते. लहानपणी कुठल्याही लग्नाला निघालो की आई आम्हा भावंडांना वजरीने, टाचा घासायच्या खरबरीत दगडाने, लाल होईपर्यंत घासायची, आणि मग मान हुंगून बघायची, एकेकाची, रांगेत उभं करून. तिने कधी काही म्हटलं नाही. नुसतं हुंगायची आणि पुढे ढकलायची.

फोनवर दिशाचा निरोप आला, मॅम, आज मिळेल ना? एक्सायटेड आहोत. दर्शनाने 'हो' असं लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं आणि न पाठवताच फोन उलटा ठेवला. दिवा चालूच राहिला.

काही झालं तरी उरलेला वास बघायचाच होता. तो बघितल्याशिवाय तिने कधी कुठल्या बाटलीला गुण दिले नव्हते, आणि एवढा तरी प्रामाणिकपणा आपल्याकडे आहे असं तिला वाटायचं. ऊन कलल्यावर ती आबांच्या खुर्चीशी गेली. खिडकी उघडली होती. मोहर पुन्हा आत आला होता. आबा दरवाज्याकडे बघत होते. डावा हात चादरीखालीच.

"आबा, हात द्या."

दिला नाही. तिने चादर उचलली नाही, खाली पाटावर बसून राहिली. आबांनी दाराकडचे डोळे तिच्याकडे आणले. ते शाळेत नव्हते. या खोलीतच होते, पूर्ण, पुष्कळ दिवसांनी. आवाज घोगरा, पण शब्द सरळ आला, हळू, बाहेर कोणाला ऐकू जाऊ नये इतका.

"येतो काय गो अजून?"

काय, असं तिने विचारलं नाही. तिच्या साऱ्या आयुष्याचा धंदा या एका प्रश्नाचं उत्तर देण्याचा होता. नाही म्हणावं तर पूर्वी येत होता असं होतं. आता गेला, युडीकोलनने गेला, साबणाने गेला. गप्प बसावं तर... चौथीच्या वर्गातली सगळी पोरं चिमटीत नाक धरून तिच्या उत्तराची वाट बघत होती.

"कधीच येत नव्हता, आबा," ती म्हणाली. "कधीच."

आबांनी तिच्याकडे पाहिलं. न समजता पाढा घडाघडा म्हणणाऱ्या पोराकडे मास्तर बघतो तसं — रागाने नाही, जरा कनवाळूपणाने. उत्तर बरोबर होतं, पण पोरीने पडताळून पाहिलेलं नव्हतं. मग त्यांनी चादरीतून डावा हात काढला, त्याने आपला लुळा उजवा हात उचलला आणि तिच्यापुढे धरला. ज्याला सकाळपासून कोलोन लावलेलं नव्हतं तो.

"ह्यो बघ," म्हणाले.

ती वाकली. काउंटरवर वाकायची तशी, मनगट दोन्ही हातांत धरून, डोळे मिटून. साबण. औषधी तेल. चादरीचा सुती, उन्हात वाळलेला वास. त्याच्याखाली म्हातारी, कोरडी कातडी, जिला कसलाच म्हणावा असा वास नाही... एवढं पुरे होतं, आता डोकं वर करायला हवं होतं, हसून नाही म्हणायला हवं होतं. आबा वाट बघत होते. तिने श्वास सोडला आणि पुन्हा घेतला, अधिक खोल, कातडीला नाक टेकवून, आणि मग अजून एकदा, आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपण शोधतो आहोत. कळलं तरी थांबता येईना. नाक शोधतच होतं.